विमानतळ ते घर: शेवटचे दीडशे किलोमीटर

युरोप-अमेरिकेहून येणारा पुणेकर घरी पोचतो तो दोन हप्त्यांत. एक तर मुंबईला उतरून द्रुतगती मार्गाने, नाही तर मध्ये कुठे विमान बदलून लोहगावला. तिकीट काढताना सगळं लक्ष पहिल्या हप्त्यावर असतं: सामान किती किलो, खिडकीजवळची जागा मिळेल का. दुसऱ्याचं काय, तर "भाऊजी येतील गाडी घेऊन." शरीराला खरा विचार लागतो तो इथेच.

आधी विमानात शरीराचं काय झालं ते पाहू. पाणी संपलेली प्लॅस्टिकची बाटली उंचावर असताना झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा. मुंबईला उतरल्यावर ती बाहेर काढली, तर कोणीतरी मुठीत आवळल्यासारखी चेपलेली दिसेल. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा आतला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो, तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर म्हणजे सुमारे 5400 फूट. म्हणजे आपण दहा-बारा तास कळसूबाईच्याही वर बसून आलेलो असतो. आठ हजार फुटांच्या दाबाला बंद केलेली हवा मुंबईत उतरेपर्यंत आकसून पाऊणपट होते, आणि बाटली तेवढी आत जाते.

कानाच्या पडद्यामागची पोकळी ही अशीच एक बाटली आहे. तिचं झाकण म्हणजे कानातून घशाकडे जाणारी बारीक नळी. सर्दीने ती सुजली की बाहेरची वाढलेल्या दाबाची हवा आत शिरत नाही, पडदा आत ओढला जातो आणि कानाला दडे बसतात. नाक दाबून जोराने फुंकण्यापेक्षा वारंवार आवंढा गिळणं, जांभई देणं बरं, कारण नळी उघडणारे स्नायू त्यानेच हलतात. मुंबईहून पुण्याला येणाऱ्यांना घाट इथे मदतीला येतो. खोपोलीपासून लोणाव्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते, बाहेरचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, चेपलेली बाटली थोडी फुगते आणि दडेही जरा सैल होतात. पुण्याहून मुंबईच्या विमानाला जाताना नेमकं उलटं होतं. तुंबलेले कान घाट उतरताना आणखी दुखतात.

विमानातल्या हवेत आर्द्रता असते जेमतेम दहा ते वीस टक्के. त्याने अंगातलं पाणी फार कमी होतं असा समज आहे. प्रत्यक्षात कोरडे पडतात ते डोळे, नाक आणि घसा. तहान लागेल तसं पाणी प्यावं, बळेबळे चार बाटल्या रिचवून घाटात गाडी थांबवायची वेळ आणू नये.

पायांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, आणि ते चाललं तरच होतं. बसून राहिलं की रक्त खाली साचतं, त्यातला द्रव आजूबाजूला पाझरतो आणि बूट घट्ट होतात. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर ती हीच सूज. साचलेल्या रक्ताची गुठळी होणं ही त्यापुढची पायरी. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली मांडलेल्या निष्कर्षानुसार चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो सहा हजारांत एक एवढाच असतो. महत्त्वाचं असं की हे केवळ विमानाला लागू नाही. मोटार, बस, रेल्वे सगळ्याला लागू आहे. दहा तास विमानात आणि त्याला जोडून साडेतीन तास मागच्या सीटवर पाय दुमडून झोपणं म्हणजे शरीराच्या हिशेबात एकच सलग बैठक. म्हणून विमानतळावर सरकत्या पट्ट्यावर उभं न राहता चालावं, सामानाची वाट पाहताना टाचा वर-खाली कराव्यात आणि वाटेत एकदा तरी उतरून दहा मिनिटं फिरावं. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर उशीवर पाय ठेवून झोपल्यावर सूज बहुधा ओसरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट 108. ही लक्षणं प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात, तेव्हा डॉक्टरांना प्रवासाबद्दल आठवणीने सांगावं.

आता भाऊजी. परदेशी विमानं मुंबईत बरीचशी मध्यरात्रीनंतर उतरतात. न्यायला आलेला माणूस सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून, रात्री दहाला पुण्याहून निघालेला असतो. पाहुणे बाहेर येऊन गाडी परत फिरते तेव्हा पहाटेचे तीन, म्हणजे तो एकवीस तास जागा. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात सतरा तास जागलेल्या माणसांची कामगिरी 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा आहे 30 मिलिग्रॅम. त्यात पहाटे तीन ते पाच ही शरीराच्या घड्याळातली सर्वांत सुस्त वेळ. डोळे उघडे असतानाच मेंदू तीन-चार सेकंद झोपून घेतो आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. ताशी 100 किलोमीटरने गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. चार सेकंदांत शंभर मीटरहून जास्त रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. उपयोगी पडते ती झोप. खालापूरच्या फूड मॉलला, घाट लागण्याआधी, गाडी लावावी, एक कप कडक कॉफी घ्यावी आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. कॉफीचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे जाग येताना दोन्हींचा फायदा मिळतो. डुलकी लांबवू नये, गाढ झोपेतून उठल्यावर बराच वेळ गुंगी राहते. याहून चांगलं म्हणजे भाऊजींना घरी झोपू द्यावं आणि विश्रांती घेतलेला चालक ठरवावा, किंवा उजाडेपर्यंत मुंबईतच थांबावं. विमानातून उतरलेल्याने तर "मी चालवतो" असं म्हणूच नये.

लोहगावला उतरणाऱ्यांचं काम सोपं. अ‍ॅपवरची टॅक्सी समोरच्या एरोमॉलच्या वाहनतळातून मिळते, तिथवरचं चालणं पायांना बरंच. सामान थोडं असेल तर रिक्षाने रामवाडी आणि तिथून मेट्रोने थेट डेक्कन, वनाज. गर्दीच्या वेळी येरवड्याच्या चौकांत अडकण्यापेक्षा हे बरं.

घरी पोचल्यावर उरतो तो मेंदूतल्या घड्याळाचा प्रश्न. ते मुख्यतः उजेडावर जुळतं, पण उजेड कधी मिळाला याला महत्त्व आहे. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत खाली जातं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे नेतो, त्याआधीचा मागे खेचतो. लंडनला सातला उठणाऱ्याचा हा क्षण पहाटे पाचचा, म्हणजे हिवाळ्यात पुण्यातले सकाळचे साडेदहा. तो सकाळी सातला घरी पोचून गच्चीत कोवळ्या उन्हात चहा घेत बसला, तर घड्याळ नको त्या दिशेला सरकतं. त्याने साडेदहापर्यंत पडदे ओढून आत राहावं, हवं तर झोपावं, आणि मग अकरा-बाराच्या उन्हात चालून यावं. घड्याळ दिवसाला तासभर सरकतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ही सीमा साडेनऊ, तिसऱ्या दिवशी साडेआठ, आणि चौथ्या दिवसापासून गच्चीतला चहा चालेल. कॅलिफोर्नियाहून आलेल्याला ही कसरत नको. त्याचा पहाटे पाचचा ठोका हिवाळ्यात इथे संध्याकाळी साडेसहाला पडतो, त्यामुळे दिवसभराचं ऊन त्याचं घड्याळ एकाच दिशेने, मागे, नेत राहतं. त्याने सकाळपासून बाहेर राहिलेलं चांगलं; फक्त दुपारी जेवणानंतर आडवं व्हायचं तर अर्ध्या तासाचा गजर लावून.