हेडफोनमध्ये गिटार डासासारखी का वाजते?

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला, 'सातव्या मजल्यावरून रात्री मिक्सर चालल्याचा आवाज येतो, संबंधितांनी लक्ष द्यावे.' संबंधित म्हणजे मी, आणि मिक्सर म्हणजे माझी इलेक्ट्रिक गिटार. लहानपणी आजी सांगायची, रात्री शिट्टी वाजवू नये, साप येतो. सापाला ना बाहेरचा कान, ना कानाचा पडदा, तो बिचारा शिट्टी ऐकून कशाला सात मजले चढेल. सेक्रेटरी मात्र येतात. आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल.

यावर प्रत्येक जण एकच सल्ला देतो, 'अरे मग छोटा अ‍ॅम्प घे ना, एक वॅटवाला.' (अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा, स्पीकरसकटचा डबा.) इथेच गंमत आहे. गिटारचे स्पीकर फार तडफदार असतात, एक वॅट दिला तर एक मीटरवर सहज ९७ ते १०० डेसिबल देतात. पॉवर दहापट केली की १० डेसिबल वाढतात आणि आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे १०० वॅटचा स्टेजवरचा अ‍ॅम्प सोडून १ वॅटचा घेतला तर आवाज शंभरावा हिस्सा होत नाही, जेमतेम पाव होतो. ४५ डेसिबलमध्ये बसायचं तर एका वॅटचा तीन लाखावा भाग लागेल. तेवढ्यावर चालणारा अ‍ॅम्प कोणी विकत नाही.

मग उरतो हेडफोन. कानाला चिकटूनच असल्यामुळे त्याला एक मिलिवॅट म्हणजे डोक्यावरून पाणी. मी आधी आगाऊपणा केला, कन्व्हर्टर लावून हेडफोन थेट गिटारच्या भोकात खुपसला. एकाच कानात, तेही शेजारच्या घरात कोणीतरी वाजवतंय असं ऐकू आलं.

कारण शाळेतलंच आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबक, त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, आणि वर थरथरणारी स्टीलची तार. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेली तीच गोष्ट. हे व्होल्टेज असतं शंभर-दोनशे मिलिव्होल्ट, तसं वाईट नाही. पण कॉइलचा स्वतःचा रोध ६-८ हजार ओहम आणि हेडफोनचा ३२. दोघांमध्ये व्होल्टेजची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते, म्हणून हेडफोनच्या वाट्याला सव्वादोनशेपैकी एक भाग येतो, आणि वरच्या स्वरांना कॉइल आणखी अडवते म्हणून जो काही आवाज येतो तोही गोधडीखालून आल्यासारखा. सलाइनच्या नळीने शेताला पाणी द्यायला जावं तसा प्रकार. हेडफोन अ‍ॅम्पचं पहिलं काम हेच, गिटारकडे तोंड करताना १० लाख ओहमचा दरवाजा दाखवायचा म्हणजे पिकअपकडून जवळजवळ काहीच करंट ओढला जात नाही, आणि हेडफोनकडे तोंड करताना स्वतःचा रोध काही ओहमवर आणून हवा तेवढा करंट सोडायचा.

एवढं काम एक साधी ओपअ‍ॅम्पची, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी, चिप आणि ९ व्होल्टची बॅटरी करते. मी एका रविवारी सोल्डर करून बनवला. साधा, स्वच्छ आवाज बरा आला. मग डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे रॉकसारखा फाटका आवाज काढणारी पायाने दाबायची डबी, जोडलं आणि कानात डासांचं पोळं फुटलं. मित्राचा महागडा स्टुडिओ हेडफोन मागून आणला, तर आणखी वाईट! हेडफोन जितका चांगला तितकी गिटार वाईट, हे उलटं कसं? आता मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

आधी तंबोऱ्याकडे बघू. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, रुंद आणि किंचित गोलसर असते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. त्यामुळे तार थरथरताना दर फेरीला घोडीला घासते, सुटते, घासते, सुटते. यातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर, नुसते ओसंडतात, खर्जाच्या तारेतून 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो तो म्हणजे पाचवा उपस्वर. पुस्तकी नियम असा की ज्या बिंदूवर तार छेडली त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निस्पंद (न हलणारा बिंदू) येतो तो उपस्वर वाजायलाच नको. तंबोऱ्यात तोही वाजतो, आणि हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच लिहून ठेवलंय, नोबेलच्या नऊ वर्षं आधी. नियम चुकत नाही, तो फक्त आपल्या जागी शांत थरथरणाऱ्या तारेला लागू आहे, आणि इथे घोडी मधेच येऊन तारेला अडवते.

डिस्टॉर्शन म्हणजे विजेची जवारी. पेडलमध्ये दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उलटसुलट लावलेले असतात, सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला उघडतो आणि त्यावरचं सगळं वळवून टाकतो. म्हणजे तरंगाचे डोंगर वरून सपाट आणि दऱ्या खालून सपाट. आता कुठलाही आवर्ती तरंग साध्या साइन तरंगांची बेरीज म्हणून लिहिता येतो हे फूरियेचं, १८२२ चं. पूर्ण चौकोनी झालेल्या तरंगात फक्त विषम उपस्वर येतात. गिटारची 'ए' तार ११० हर्ट्झ, तिचे मग ३३०, ५५०, ७७०, आणि त्यांची ताकद एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश. बघा, किती हळू उतरतंय! नव्व्याण्णवावा उपस्वर १०,८९० हर्ट्झला, ताकद अजून एक टक्का. एक टक्का ऐकून हसू नका, कानाच्या हिशेबात ते मूळ स्वरापेक्षा फक्त ४० डेसिबल खाली आहे.

हे झालं एका तारेचं. दोन तारांचे तरंग एकदम असे सपाट कापले की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्याही तयार होतात. ११० आणि १६५ म्हणजे सा आणि प, वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा! गिटारवर ती तार नाहीच, पण ऐकू येते, नुसत्या सा आणि प ची पॉवर कॉर्ड एवढी जड वाटते ती यामुळे. आता मधे गंधार घाला, साधारण १३८.६ हर्ट्झ, तर वजाबाक्या येतात २८ आणि २६ च्या आसपास, सुराशी संबंध नसलेली नुसती घरघर. म्हणून रॉकवाले डिस्टॉर्शन लावलं की सा आणि प ठेवतात आणि गंधार गाळतात. तंबोऱ्यात जो आपोआप येतो त्याला इथे हाकलावं लागतं.

तर पेडलमधून निघालेला माल म्हणजे दहा-पंधरा हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला काटेरी ढीग. मग स्टेजवर तो गोड कसा लागतो? कारण तिथे शेवटी १२ इंची कागदी कोनाचा स्पीकर असतो आणि तो आवाज 'जसाच्या तसा' देणारा स्पीकर नाहीच. सेलेशन कंपनीचा ग्रीनबॅक हा गिटार स्पीकर घ्या, कंपनी स्वतःच पल्ला ७५ ते ५००० हर्ट्झ सांगते. त्याच्या वर एवढा मोठा कागद एकसंध हलू शकत नाही, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशेला हलायला लागतात आणि आवाज कड्यावरून पडल्यासारखा खाली जातो. ही चाळणी आहे. कोंडा वर राहतो, पीठ खाली पडतं. हेडफोन मात्र २० ते २०,००० हर्ट्झ सगळं इमानदारीने कानात ओततो, कोंड्यासकट, आणि महागडा असेल तर कोंडा अजून स्पष्ट. म्हणजे गिटारसाठीच्या हेडफोन अ‍ॅम्पचं खरं काम आवाज वाढवणं हे दुय्यम, मुख्य काम आवाज नीट बिघडवणं.

हे ज्याला फार लवकर कळलं तो माणूस टॉम शोल्झ, बॉस्टन नावाच्या बँडचा गिटारिस्ट. एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनियरिंग केलेला, पोलरॉइडमध्ये नोकरी करून रात्री घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करणारा. १९८२ मध्ये त्याने रॉकमन काढला, वॉकमनसारखा कमरेला लावायचा, आत डिस्टॉर्शन, कोरस, एको आणि मुख्य म्हणजे स्पीकरची नक्कल करणारे फिल्टर. एका रोध-कपॅसिटरच्या जोडीने भागत नाही, ती दर सप्तकाला ६ डेसिबलच उतार देते आणि खरा स्पीकर त्याच्या तिप्पट-चौपट तीव्र पडतो, म्हणून अनेक टप्पे एकामागे एक लावावे लागतात, शिवाय दोन-तीन हजार हर्ट्झवर स्पीकरच्या आवाजात जो उंचवटा असतो तोही हवा.

आजकाल हेच डिजिटल करतात. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की जे काही परत येतं तो त्या वास्तूचा अंगठ्याचा ठसा. तसंच स्पीकरला एक अतिसूक्ष्म टिचकी द्यायची, समोरच्या माइकमध्ये जे येईल ते सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने नोंदवायचं, समजा २०४८ नमुने घेतले. हा झाला इम्पल्स रिस्पॉन्स. आता गिटारचा प्रत्येक नमुना म्हणजे एक लहानमोठी टिचकी, प्रत्येकीने आपला ठसा उमटवायचा आणि सगळे ठसे एकमेकांवर सरकवून बेरीज करायची, याला कन्व्होल्यूशन म्हणतात. सरळ हिशेबाने सेकंदाला ४८,००० गुणिले २०४८, म्हणजे ९ कोटी ८३ लाख गुणाकार (एफएफटी, म्हणजे तरंगाचे साइन तरंग झटपट वेगळे करायची रीत, वापरून हे खूप कमी होतात, कारण काळातलं कन्व्होल्यूशन म्हणजे वारंवारतेतला साधा गुणाकार, पण ते राहू दे, बायकोला समजावताना याच ठिकाणी ती उठून दूध बघायला गेली होती). काडेपेटीएवढ्या डबीत हे सगळं दोन-चार तास बॅटरीवर चालतं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

ब्लूटूथ हेडफोन लावायचा मोह होतोच, पण साध्या ब्लूटूथमध्ये दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा २०० मिलिसेकंद म्हणजे तुम्ही पिचवर उभे राहून वाजवताय आणि अ‍ॅम्प बाउंड्रीवर आहे. ताल जाणारच. वायरवालाच घ्या. आणि वायर सोन्याचा मुलामा दिलेली आहे, 'ऑक्सिजन फ्री' आहे म्हणून तिप्पट पैसे मागतील, तर हात जोडा. मुलाम्याने पिन गंजत नाही एवढंच खरं. गिटारच्या वायरमध्ये मोजायचीच असेल तर लांबी मोजा, दर मीटरला शंभरेक पिकोफॅरड कपॅसिटन्स असते, ती पिकअपच्या कॉइलशी जुगलबंदी करून वरचा चकाकणारा भाग खाऊन टाकते. डबी थेट गिटारलाच खोचली तर हा प्रश्नच मिटतो.

एक गोष्ट मात्र कुठलीच डबी देत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असला की आपला कान खालचे स्वर फार कमी ऐकतो. म्हणून हळू वाजवली की तीच गिटार पातळ लागते, आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हेडफोनमध्ये सेक्रेटरी येऊन थांबवत नाहीत, म्हणून हा हिशेब आपला आपण ठेवायचा. मी बेसचं बटण थोडं वाढवतो आणि व्हॉल्यूम आहे तिथे सोडतो.

राहता राहिली घूं. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत, आणि सात-आठ हजार वेढ्यांची कॉइल म्हणजे उत्तम अँटेना, घरातली ५० हर्ट्झची वीज ती बिनतक्रार पकडते. स्पीकरवर चालून जातं, हेडफोनमध्ये डिस्टॉर्शन लावलं की ती घूं कानात घर करते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर उतारा काढला, दोन कॉइल उलट्या वेढ्यांच्या आणि उलट्या चुंबकांच्या, तारेचा सिग्नल दोघींत बेरीज होतो आणि बाहेरची घूं वजा होते, म्हणून नाव हमबकर, 'हम' म्हणजे घूं आणि तिला अडवणारा तो 'बकर'. माझ्याकडे तो नाही. पण कॉइल वळवली की तिच्यातून जाणारं क्षेत्र कमी-जास्त होतं, तेव्हा स्टुलावर बसून हळूहळू गोल फिरायचं आणि जिथे घूं सगळ्यात कमी तिथे थांबायचं. आमच्या हॉलमध्ये ती दिशा नेमकी बाथरूमच्या दाराकडे आहे, त्यामुळे रोज रात्री साडेदहा ते साडेअकरा मी बाथरूमच्या दाराकडे तोंड करून बसलेला असतो.