चाळीस टक्क्यांची अट भरपाईला नाही

बोट मशीनमध्ये गेलं की शॉप फ्लोअरवर कुणीतरी सांगतंच, "सर्टिफिकेटवर ४० टक्क्यांच्या खाली अपंगत्व आलं तर छदामही मिळत नाही." हे खरं नाही. ४० टक्क्यांची अट दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधली. ती आरक्षणासारख्या सवलतींसाठी आहे. नुकसानभरपाईशी तिचा संबंध नाही.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात, आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, मोजलं जातं ते शरीर नव्हे, तर कमाईची क्षमता किती घटली ते. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३०. पगार १५,०००, वय ३० धरा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाचा गुणक २०७.९८ लावला की १०० टक्के नुकसानीचे १८,७१,८२० रुपये. अंगठ्यासाठी त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. 'काहीच नाही' म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

आणि परिशिष्टातला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघही नव्हे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, अपंगत्व अंशतःच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते फेटाळलं: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के. (रंधा एका हाताने मारून बघा.)

त्यामुळे डॉक्टरांना आपण नेमकं काय काम करतो ते सांगा, आणि कमाईची क्षमता किती घटली ते दाखल्यात स्वतंत्र लिहून मागा.