निळी रात्र, लाल बूट आणि सोडियमचे दिवे

घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. त्या मालिकांमध्ये खलनायिकेची साडी गडद आणि सोशिक सुनेची फिकी असते, हेही घरोघरी पाठ आहे. लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे दुःख अशी यादी सिनेमाबद्दल बोलतानाही सर्रास फेकली जाते. मला ती फारशी पटत नाही. पडद्यावर रंगांना जे अर्थ चिकटले, त्यातले बरेचसे कच्च्या फिल्मच्या, दिव्यांच्या आणि पैशांच्या अडचणींतून आलेले आहेत.

निळ्या रात्रीचंच घ्या. मूकपटांच्या काळातली फिल्म अंधारात काही टिपूच शकत नसे. म्हणून रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित करायचे आणि छापील फिल्म निळ्या रंगात बुडवायची, अशी रीत पडली. आगीला लाल, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळसर. प्रेक्षकाला रंग पाहूनच कळे, आता रात्र झाली. बोलपट आल्यावर ध्वनी फिल्मच्या कडेला छापला जाऊ लागला आणि या रंगांमुळे आवाज बिघडू लागला. त्यावर कोडॅकने 1929 मध्ये ध्वनीला बाधा न आणणाऱ्या रंगछटांची खास फिल्म काढली, पण तोवर या पद्धतीचा बहर ओसरू लागला होता. निळी रात्र मात्र आजही शाबूत आहे.

खरा रंग आला तो टेक्निकलर या अमेरिकी कंपनीच्या कॅमेऱ्यातून. त्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह फिरत, त्यामुळे उजेड प्रचंड लागे आणि सेटवर कलाकार घामाने निथळत. कॅमेरा भाड्याने मिळे, पण सोबत कंपनीची रंगसल्लागारही घ्यावी लागे: नॅटली काल्मस. या बाई पटकथा वाचून प्रसंगागणिक रंगांचा तक्ता करत आणि भडकपणावर लगाम ठेवत. पार्श्वभूमी मवाळ हवी, ठळक रंग मुख्य पात्राजवळच हवा, हा त्यांचा आग्रह. दिग्दर्शक त्यांच्यावर वैतागत असत. पण रंगाचा पात्राशी संबंध जोडण्याचं काम पगारी नोकरी म्हणून करणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव घ्यावंच लागेल. त्याच कंपनीच्या नव्या रंगांची ऐट दाखवायला 1939 च्या ‘द विझार्ड ऑफ ओझ’मध्ये कादंबरीतले चंदेरी बूट माणकासारखे लाल झाले. आता त्या लालीत समीक्षक काय काय शोधतात!

आपल्याकडे प्रभातने 1933 मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला. प्रिंट जर्मनीत काढल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. चार वर्षांनी अर्देशीर इराणींची ‘किसान कन्या’ आली. ती इथेच तयार झालेली पहिली रंगीत फिल्म, पण तिनेही लाट आली नाही. रंगीत कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि महाग पडायची. त्यामुळे पुढे एक मजेशीर तोडगा रूढ झाला: सिनेमा कृष्णधवल, गाणं रंगीत. 1960 च्या ‘चौदहवीं का चाँद’मध्ये शीर्षकगीताला रंग मिळाला. त्याच वर्षीच्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये शीशमहालातलं गाणं रंगात उजळलं, आणि आधीचा बराचसा भाग मात्र कृष्णधवलच राहिला. माझ्या मते भारतीय प्रेक्षकाच्या मनात रंग म्हणजे उत्सव, स्वप्न, गाणं हे समीकरण इथेच पक्कं झालं. पात्र दुःखी असेल तर पैसा वाचवा, नाचायला लागलं की खर्च करा!

व्ही. शांताराम यांनी हा हिशेब मोडला. ‘झनक झनक पायल बाजे’त (1955) त्यांनी रंगांची अक्षरशः आतषबाजी केली. तिथे भडकपणा जरा जास्तच आहे, हे प्रेमाने पाहणाऱ्यालाही मान्य करावं लागेल. ‘पिंजरा’त (1972) मात्र रंग कथेच्या कामी येतो. मास्तरांचे पांढरे कपडे आणि फडावरची झगझगीत नऊवारी यांच्यातच अर्धं नाट्य आहे. केतन मेहतांच्या ‘मिर्च मसाला’त (1987) तर रंग वेगळा द्यावाच लागला नाही. कारखान्यात पसरलेली लाल मिरची हाच रंग, आणि शेवटी तीच हत्यार.

मग संगणक आला. 2000 मध्ये कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’साठी हिरवागार मिसिसिपी प्रांत संगणकावर वाळलेल्या गवताच्या रंगाचा केला गेला. संपूर्ण चित्रपटाचे रंग असे बदलण्याचा तो पहिला मोठा प्रयोग. त्यानंतर चेहरे नारिंगी आणि मागचं सगळं निळसर-हिरवं, ही जोडी जगभर पसरली. कारण साधं आहे: माणसाची त्वचा, गोरी असो की सावळी, नारिंगीच्या आसपास पडते आणि रंगचक्रावर निळसर-हिरवा तिच्या बरोबर विरुद्ध, त्यामुळे चेहरा उठून दिसतो. आता तलावपाळीवर मोबाइलने शॉर्टफिल्म करणारी मुलंसुद्धा तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली रंगजुळणी, लावून हाच परिणाम मिळवतात. म्हणजे अख्खी चौकट एका रंगात बुडवण्याची मूकपटांची युक्ती परत आली, आणि साडी, भिंत, दिवा निवडण्याचं कष्टाचं काम मागे पडलं.

दिव्यांवरून आठवलं. सोडियमच्या दिव्यांच्या काळात ठाण्याची आणि वाशीची रात्र पिवळी-केशरी होती. त्या उजेडात लाल साडी आणि तपकिरी साडी यांत फरक करणं कठीण, कारण जे रंग दिव्यातच नसतात ते कॅमेऱ्यात येत नाहीत आणि नंतर संगणकावरही परत आणता येत नाहीत. पांढऱ्या एलईडीखाली हेच रस्ते थंड, निळसर आणि स्पष्ट दिसतात. वीस वर्षांपूर्वीची पाम बीच रोडवरची रात्र दाखवायची असेल, तर आज दिव्यांवर केशरी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावावं लागतं.