जेईई मेन दोनदा दिली, तर कोणता स्कोअर धरतात?

जानेवारीचे गणित आणि एप्रिलचे फिजिक्स एकत्र धरले तर किती होईल, हा हिशेब दरवर्षी अनेक घरांत होतो. तो वाया जातो. जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत ज्या सत्रात एकूण पर्सेंटाइल (तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण) जास्त, ते सत्र अख्खे धरतात. त्यात एखादा विषय पडला असेल तर तोही सोबत येतो.

हा नियम 2019 पासूनचा. 2013 ते 2018 या काळात ही परीक्षा सीबीएसई हे केंद्रीय शालेय मंडळ घेत असे आणि वर्षात संधी एकच असे. 2016 पर्यंत एनआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशाच्या क्रमवारीत बारावीलाही 40 टक्के वजन होते; ते 2017 पासून काढले. महाराष्ट्राने 2014 आणि 2015 मध्ये राज्यातले अभियांत्रिकी प्रवेशही जेईई मेनवर देऊन पाहिले आणि 2016 मध्ये पुन्हा सीईटीकडे, म्हणजे स्वतःच्या राज्य प्रवेश परीक्षेकडे वळला.

2019 मध्ये एनटीएने (राष्ट्रीय परीक्षा संस्थेने) परीक्षा हाती घेतली, जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सत्रे केली आणि प्रत्येक सत्राच्या अनेक शिफ्ट, म्हणजे वेगवेगळ्या वेळच्या बैठका, ठेवल्या. प्रश्नपत्रिका शिफ्टगणिक वेगळी, म्हणून कच्च्या गुणांची थेट तुलना बाद झाली. त्याजागी पर्सेंटाइल आले. एका शिफ्टला 40,000 विद्यार्थी बसले आणि तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेले (तुम्ही धरून) 38,800 निघाले, तर तुमचे पर्सेंटाइल 97. प्रत्यक्षात ते दशांशानंतर सात स्थळांपर्यंत काढतात. तुलना आपल्याच शिफ्टशी होते, त्यामुळे जानेवारीचे 170 गुण एप्रिलच्या 185 पेक्षा सरस ठरू शकतात. पालकांना हे पटवणे सगळ्यात अवघड.

विषय निवडून जोडता न येण्याचे कारणही इथेच आहे. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नव्हे. ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात. दोन शिफ्टचे तुकडे जोडले, तर त्या बेरजेची तुलना करायला शिफ्टच उरत नाही. अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत दोन्ही विभाग ठरलेल्या मापावर असतात, म्हणून तिथली बरीच विद्यापीठे ‘सुपरस्कोअर’ काढतात: एकदा वाचन-लेखन 640 आणि गणित 760, दुसऱ्यांदा 710 आणि 700 मिळाले, तर 710 अधिक 760, म्हणजे 1470. एकाही बैठकीत विद्यार्थ्याने 1410 ओलांडलेले नसतात!

2021 मध्ये सत्रे चार झाली आणि चारपैकी सर्वोत्तम धरले; 2022 पासून पुन्हा दोन. पहिल्या सत्रानंतर फक्त पर्सेंटाइल मिळते. दोन्ही सत्रांतले सगळे उमेदवार एकत्र करून, प्रत्येकाचा चांगला स्कोअर ठेवून, मगच रँक लागते. फेब्रुवारीत फिरणारे ‘इतक्या पर्सेंटाइलला इतकी रँक’ हे तक्ते म्हणून अंदाजच असतात. एकूण पर्सेंटाइल सारखे आले तर आधी गणित, मग फिजिक्स, मग केमिस्ट्री पाहतात, तेही धरलेल्या सत्रातलेच.

चूक होते ती अर्जात. जानेवारीला बसलेल्याने एप्रिलसाठी नवा फॉर्म भरायचा नसतो. जुन्या अर्ज क्रमांकानेच लॉगिन करून फी भरायची असते. एकाच सत्रासाठी दोन अर्ज क्रमांक निघाले तर तो गैरप्रकार धरला जातो.