कातळाला दोष देण्याआधी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, त्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग होते. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला. हा आकडा निघाला की मागोमाग ठरलेलं स्पष्टीकरण येतं: जमीन जांभ्याची, वर नुसता कातळ, पाऊस तीन हजार मिलिमीटर पण उतारावरून थेट समुद्राला मिळणारा, आणि हवा दमट म्हणून माणूस आहे त्यात समाधानी. मग मुंबई गाठण्यावाचून इलाज काय?

ऐकायला हे अनुभवाचं बोलणं वाटतं. प्रत्यक्षात तो मानवी भूगोलातला एक जुना सिद्धान्त आहे. माणूस कसा जगेल हे निसर्गच ठरवतो, असं तो मानतो. त्याला निश्चयवाद म्हणतात आणि भूगोलाने तो शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढायला घेतला. बोलण्यातून मात्र तो जात नाही.

जर्मनीच्या फ्रीडरिख रात्झेलने १८८२ मध्ये मानवी भूगोलावरच्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. तो मुळात प्राणिशास्त्राचा अभ्यासक, आणि काळ डार्विनचा. प्राणी परिसराप्रमाणे घडतो, तसा समाजही घडत असणार, अशी त्याची दिशा. त्याची अमेरिकन शिष्या एलेन सेंपल हिने १९११ मध्ये तेच जास्त ठासून मांडलं. एल्सवर्थ हंटिंग्टन १९१५ मध्ये आणखी पुढे गेला. कनेक्टिकटच्या कारखान्यांतल्या मजुरांचं काम मोजून त्याने शारीरिक श्रमाला साधारण १८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम ठरवलं आणि त्या आधारावर जगातल्या संस्कृतींची प्रतवारी लावली. तिच्यात पहिला नंबर कोणाकडच्या हवेचा आला, हे सांगायला नकोच.

याला सर्वांत सोपं उत्तर मुंबईचं. मुंबईही कोकणपट्टीतच आहे. समुद्र तोच, मोसमी पाऊस तोच, दमटपणाही तोच. उलट सुती गिरण्यांना दमट हवा हवीच होती, कारण कोरड्या हवेत सूत कातताना धागा तुटतो. त्या गिरण्यांत पाळ्या करणारे कितीतरी हात रत्नागिरी जिल्ह्यातले होते. एकच हवा माणसाला गावात आळशी आणि परळमध्ये कष्टाळू करत असेल, तर फरकाचं कारण हवा असू शकत नाही. जे दोन्हीकडे सारखंच आहे, त्याने फरक कसा पडेल?

फ्रान्समध्ये पॉल व्हिदाल द ला ब्लाशने ही मांडणी उलटी केली. निसर्ग काही शक्यता समोर ठेवतो, त्यांतली कोणती उचलायची ते माणसाचं कसब, सवयी आणि संघटना ठरवतात. या विचाराला संभववाद हे नाव इतिहासकार ल्युसियाँ फेव्हरने १९२२ मध्ये दिलं. रायगडची खारभूमी पाहिली की तो पुस्तकाशिवाय कळतो. खाडीकाठी मातीदगडाचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. उघाडीचं दार भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही आणि पावसाचं साठलेलं बाहेर जातं. पण जमीन लगेच पिकत नाही. आधी काही पावसाळे क्षार धुऊन जावे लागतात, आणि नंतरही ‘पनवेल’सारख्या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जातीच तिथे तग धरतात. बांध बहुधा लहान कारणाने जातो. खेकड्यांची बिळं वेळेवर बुजवली नाहीत की उधाणाच्या रात्री त्यांतून पाणी वाट काढतं आणि खांड जाते. एका रात्रीत शिवार पुन्हा खारट, आणि क्षार धुण्याचं काम पहिल्यापासून.

कातळाचंही तसंच. सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली, हापूसची कलमं लावली. १९९०-९१ पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेचं अनुदान मिळू लागलं आणि उघडे सडे, म्हणजे कातळाची पठारं, हिरवे झाले. दगड तोच, पाऊस तोच, बदलला तो शासनाचा निर्णय.

अमेरिकेत कार्ल सॉअरने १९२५ मध्ये म्हटलं की भूदृश्य घडवणारी खरी शक्ती संस्कृती आहे, नैसर्गिक प्रदेश हे तिचं माध्यम. सॉअर शिकवत होता कॅलिफोर्नियात, बर्कलीला. ‘कोकणचा कॅलिफोर्निया करू’ ही आपली लाडकी घोषणा ऐकताना ते आठवतं. किनारा आहे, डोंगर आहेत, फळं आहेत, म्हणजे समृद्धी येणारच, असं ती धरून चालते. हा निश्चयवादच आहे, फक्त आशावादी. कॅलिफोर्नियात कोरडा उन्हाळा, हिवाळी पाऊस आणि शेकडो किलोमीटरचे कालवे आहेत, एवढं तरी घोषणा देणाऱ्यांनी पाहावं.

दुसऱ्या महायुद्धानंतर भूगोलाला गणिताचा ध्यास लागला. वर्णनं पुरे, नियम द्या, असा आग्रह. त्याला संख्यात्मक क्रांती म्हणतात. तिने वॉल्टर क्रिस्टालरचा १९३३ चा केंद्रस्थान सिद्धान्त उचलून धरला. जमीन सपाट, वस्ती सारखी पसरलेली, प्रवासखर्च सगळ्या दिशांना सारखा असं धरलं, तर बाजारपेठांची क्षेत्रं षटकोनी होतात. मोठ्या पेठेच्या षटकोनाच्या सहा कोपऱ्यांवर सहा लहान पेठा बसतात. त्यांतली प्रत्येक तीन मोठ्या पेठांत वाटली जाते, म्हणजे सहा तृतीयांश मिळून दोन, अधिक स्वतःची एक, एकूण तीन. म्हणून याला ‘क बरोबर ३’ ची रचना म्हणतात. दक्षिण जर्मनीवर हे बरंचसं बसलं.

कोकणात षटकोन बसत नाहीत, पण ते का बसत नाहीत हे बघण्यासारखं आहे. इथे पेठा जोडीने आहेत. खाडीच्या मुखाशी बंदर आणि भरतीचं पाणी आत जिथवर पोचतं त्या टोकाला बाजार: दाभोळ आणि चिपळूण, जयगड आणि संगमेश्वर, जैतापूर आणि राजापूर, विजयदुर्ग आणि खारेपाटण. पाण्यावरून माल नेणं स्वस्त, म्हणून होडी जाईल तिथपर्यंत होडीच. पाणी संपलं की माल उतरवून बैलांवर लादायचा आणि कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा असा घाट चढायचा. जिथे वाहन बदलतं तिथे वखार, दलाल, धर्मशाळा आपोआप उभी राहते. पुढे मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ पासून सलग धावू लागलेली कोकण रेल्वे या दोन्ही आतल्या अंगाने गेल्या, कारण मुखाजवळ खाड्या रुंद. मुखाशी असलेली बंदरं मागे पडली. यात कातळाचा दोष कुठेच नाही.

आता संख्यावाल्यांमधलाच एक माणूस, जो पुढे त्यांना अडचणीचे प्रश्न विचारू लागला: स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचा टोर्स्टन हेगरस्ट्रांड. नकाशावर माणसं ठिपके म्हणून दिसतात, पण ठिपक्याला दिवसाचे २४ तास असतात आणि तो एका वेळी एकाच जागी असू शकतो, हे सूत्रांत कुठे आहे? १९७० मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानातून कालभूगोल ही शाखा उभी राहिली. कोकणासाठी मानवी भूगोलातलं याहून कामाचं हत्यार नाही, म्हणून त्यावर थोडं थांबू.

कागदावर आडवं अंतर आणि उभा वेळ घ्या. घरी बसलेल्या माणसाची रेषा सरळ वर जाते. चालणाऱ्याची तिरकी होते, आणि वेग जितका जास्त तितकी ती आडवी पडते. एखाद्याला ठरलेल्या वेळी घर सोडता येतं आणि ठरलेल्या वेळी परत यावंच लागतं, तेव्हा त्याच्या शक्य असलेल्या सगळ्या रेषा एका चौकटीच्या पतंगासारख्या आकारात मावतात. या आकाराला प्रिझम म्हणतात. जे प्रिझमच्या बाहेर आहे, ते त्या माणसाच्या दृष्टीने अस्तित्वात नाही, मग ते नकाशावर कितीही जवळ दिसो.

आकडे घालून बघू. समजा खाडीकाठच्या वाडीतली एक बाई पाणी, डबे, गोठा आटपून १०:३० ला मोकळी होते, आणि शाळा सुटते म्हणून तिला ४:३० ला घरी असावं लागतं. मिळाले ६ तास. तालुक्याच्या रुग्णालयात दीड तास लागतो. उरले साडेचार, म्हणजे एका बाजूला सव्वादोन. ताशी ४ किलोमीटरने चालत तिची पोच ९ किलोमीटर. एसटीचा सरासरी वेग ताशी २४ धरला तर ५४. पण थांब्यापर्यंत २० मिनिटं चाल आणि ४० मिनिटं वाट बघणं, एक तास तिथेच गेला. येतानाही तेवढाच धरा. राहिला सव्वा तास, म्हणजे ३० किलोमीटर. तेही रस्त्याचं अंतर. वळणांमुळे रस्ता सरळ रेषेच्या दीडपट असेल, तर नकाशावर फक्त २०.

रुग्णालय रस्त्याने बरोबर ३० किलोमीटरवर आहे असं धरा. पोचायला हरकत नसावी. पण बस ११:३० ला सुटते आणि १२:४५ ला पोचते, आणि केसपेपर १२:३० ला बंद होतात. रस्ता रुंद करून वेग ताशी ३० वर नेला तरी बस १२:३० ला पोचेल, खिडकी मिटतानाच. त्याऐवजी बस ११ वाजता सोडली, तर जुन्याच रस्त्याने ती १२:१५ ला तिथे असते. परतीचंही बघावं लागतं: २:५५ नंतरची बस निरुपयोगी आहे, कारण सव्वा तास बस आणि २० मिनिटं चाल धरली की ४:३० होतात. परतीची बस ३:१५ ची असेल तर जाण्याचा प्रश्नच उरत नाही, ती बाई घरातून निघतच नाही. आरोग्य खात्याच्या नोंदीत मग ‘प्रतिसाद कमी’ असं दिसतं.

हेगरस्ट्रांडने बंधनांचे तीन प्रकार केले. शरीराची आणि वाहनाची कुवत हे पहिलं. इतरांशी वेळ जुळणं हे दुसरं: बस, डॉक्टर, केसपेपर लिहिणारा, सगळे एकाच वेळी हवेत. तिसरं अधिकाराचं, म्हणजे दार कधी उघडायचं हे कोणीतरी ठरवलेलं असणं.

खाडी आडवी आली की चौथं खातं चंद्राचं. लहान होडीच्या धक्क्याला ओहोटीच्या वेळी नुसता चिखल असतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून प्रिझमही रोज सरकतो. किनाऱ्यावरचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, एकादशीला सव्वाआठ. ओहोटी तिथून सहा तासांवर. म्हणजे चतुर्थीला ओहोटी ९ च्या सुमारास, दुपारच्या फेरीला अडचण नाही. एकादशीला ती सव्वादोनच्या आसपास, नेमकी परतीच्या वेळी. हिशेबात अर्ध्या तासाची चूक धरावी, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. पंचांगातली तिथी इथे खरोखर कामाची आहे, कारण भरती चंद्रामुळे येते. त्याच पानावरच्या राहुकाळाचा होडी चिखलात रुतण्याशी काही संबंध नाही. दाभोळ-धोपाव्याच्या मधली गाड्या नेणारी फेरीबोट चिपळूणच्या बाजूचा वळसा वाचवते, ती याच अर्थाने किलोमीटरपेक्षा तास वाचवते.

पण वेळापत्रक ठरवतो कोण? हा प्रश्न डेव्हिड हार्वेने १९७३ मध्ये शहरांबद्दल विचारला. १९६९ मध्ये त्यानेच गणिती भूगोलाचं भक्कम समर्थन केलं होतं, आणि चार वर्षांत तो मार्क्सकडे वळला. त्याच्या मते अवकाश आधीच पडलेला नसतो, मालकीतून तो घडवला जातो. कोकणात हे समजायला मार्क्स लागत नाही. बांधाआडच्या भाताचा वाटा खोताकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडे, जाई, म्हणून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ मध्ये. संभववाद म्हणे माणूस निवड करतो. कुळाला निवड होती का, हे त्याने विचारलं नव्हतं.

त्याच सत्तरच्या दशकात यि-फू तुआनसारख्यांनी मापं बाजूला ठेवून माणसाला जागा आपली का वाटते हे शोधलं. गणपतीला उभ्याने प्रवास करून गावी जाणाऱ्या चाकरमान्याचं स्पष्टीकरण तिकडे सापडतं, अंतराच्या सूत्रांत नाही.

प्रिझमवर सर्वांत नेमकी टीका १९९३ मध्ये जिलियन रोझने केली. या आकृतीत प्रत्येक शरीर सारखीच एक रेषा असतं. कडेवर मूल असलेलं, सुनसान रस्ता टाळणारं शरीर तिच्यात दिसत नाही, आणि घरकाम जणू निसर्गानेच ठोकलेली खुंटी असल्यासारखं धरलं जातं. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुषांच्या रेषा मुंबईत, घरातल्या खुंट्या बायकांकडे. म्हणून स्वतःच्या गावाचा प्रिझम काढताना १०:३० आणि ४:३० हे आकडे गृहीत धरू नयेत. नळाला पाणी किती वाजता येतं आणि ते कोण भरतं, इथून सुरुवात करावी. तेच पाणी दीड तास उशिरा येऊ लागलं की १०:३० चे १२ होतात. मग साडेचार तासांतून दीड तास रुग्णालयाचा आणि दोन तास थांब्यांचे वजा जाऊन हातात एक तास उरतो, म्हणजे जायला अर्धा आणि यायला अर्धा. रस्ता, बस, रुग्णालय सगळं जागच्या जागी असून पोच ३० किलोमीटरवरून १२ वर येते.