के-१६ आणि ओ-१६: एकाच आकड्याच्या दोन डच पाणबुड्या

डिसेंबर १९४१ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात डच नौदलाने दहा दिवसांच्या अंतराने दोन पाणबुड्या गमावल्या. एकीचं नाव ओ-१६, दुसरीचं के-१६. पहिली १५ डिसेंबरला गेली, दुसरी २५ डिसेंबरला. दोघींनी बुडण्याआधी जपान्यांना जबर तडाखा दिला होता, आणि दोघींचे कप्तान बोटीबरोबरच गेले. त्यामुळे एकीचा पराक्रम दुसरीच्या नावावर चढवणं फार सोपं आहे. नुसतं ‘डचांची सोळा नंबरची पाणबुडी’ असं म्हटलं, तर सांगणारा कोणत्या बोटीबद्दल बोलतोय हे ओळखताच येत नाही. हे मला खटकतं, कारण त्या दोन बोटींत मिळून ७७ माणसं मेली आणि ती दोन वेगवेगळ्या लढाया लढून मेली.

आधी अक्षराचा हिशेब पाहू. दोन्ही बोटी एकाच नौदलाच्या, पण त्यांचे पैसे वेगळ्या तिजोरीतून आले होते. ‘के’ म्हणजे वसाहती: या बोटींचा खर्च वसाहत खात्याने उचलायचा आणि त्यांनी डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, सुराबायाच्या तळावर राहायचं. ‘ओ’ हे अक्षर पाणबुडीसाठीच्या डच शब्दाचं. या बोटी नौदल खात्याच्या खर्चाने आणि मायदेशाच्या पाण्यासाठी. दोन्ही मालिका एकपासून सुरू झाल्या, म्हणून एकच आकडा दोनदा येत गेला. डचांनी यावर साधा उपाय केला होता: के बोटींना रोमन आकडे, ओ बोटींना साधे. आपल्याकडे लिहिताना दोन्हीकडे तेच देवनागरी आकडे येतात आणि ती खूण पुसली जाते. मग उरतं ते एक अक्षर, ते तरी गाळू नये.

खातं वेगळं तसा बोटीचा घाटही सुरुवातीला वेगळा असायचा. उत्तर समुद्रात गस्त घालायला लहान बोट पुरते. सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेल्या बेटांमध्ये पल्ला लांब हवा, इंधन जास्त हवं, आणि विषुववृत्तावरच्या उकाड्यात माणसांना जेमतेम तरी सुसह्य जागा हवी. म्हणूनच साधारण एकाच काळातल्या ओ-१२ गटाच्या बोटी ६० मीटरच्या आसपास, तर के-१४ गटाच्या जवळपास ७४ मीटर. के-१६ याच दुसऱ्या गटातली. ती रॉटरडॅमच्या गोदीत बांधली गेली आणि १९३४ च्या जानेवारीत नौदलात दाखल झाली.

ओ-१६ मात्र या नियमात बसत नाही, आणि खरा गोंधळ इथेच सुरू होतो. फ्लिसिंगनच्या डे स्खेल्डे गोदीतून १९३६ मध्ये आलेली ही बोट ‘मायदेशाची’ असूनही ७७ मीटर लांब होती, के-१६ पेक्षाही मोठी. पोलाद जास्त ताकदीचं, काही ठिकाणी रिव्हेटऐवजी वेल्डिंग, पाण्यावरचा वेग १८ नॉट (के-१६ चा १७). १९३७ मध्ये तिने अटलांटिक ओलांडून वॉशिंग्टन गाठलं. त्या सफरीत भूभौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स व्हेनिंग माइनेझ आपली लंबकांची यंत्रणा घेऊन बसले होते. गुरुत्वाकर्षण मोजायला लंबक स्थिर हवेत, आणि लाटांवर डुलणाऱ्या जहाजापेक्षा पाण्याखाली शिरलेल्या पाणबुडीत ते शक्य होतं. माणूस चांगलाच उंच आणि पाणबुडीचं छत बुटकं, तरी त्यांनी अशा कितीतरी सफरी केल्या. त्याआधी १९३४-३५ मध्ये ते के-१८ मधून दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियामार्गे सुराबायापर्यंत गेले होते. तीही याच के-१४ गटातली बोट.

शस्त्रांवरून दोघींमध्ये फरक करायला गेलात तर हाती काही लागणार नाही. दोघींना आठ-आठ टॉर्पेडो नळ्या: चार पुढे, दोन मागे, आणि दोन बाहेर, डेकच्या आवरणाखाली. या बाहेरच्या जोडीची रचना मला डच पाणबुड्यांमधली सगळ्यात वेधक गोष्ट वाटते. ती आडवी फिरवता यायची, म्हणजे पूर्ण बोट न वळवता बाजूला जाणाऱ्या जहाजावर नेम धरता यायचा. मात्र ती बोटीच्या दाबरोधक कवचाबाहेर असल्याने एकदा टॉर्पेडो सोडला की समुद्रात ती पुन्हा भरता येत नसे. ४० मिलिमीटरच्या दोन तोफा बुडी मारण्याआधी खाली उतरवून जलरोधक कप्प्यात बंद करायच्या, हीदेखील डचांचीच पद्धत.

जपानशी युद्ध सुरू झालं तेव्हा नेदरलँड्स दीड वर्ष जर्मनांच्या ताब्यात होतं. ‘मायदेशाचं पाणी’ उरलंच नव्हतं. ओ-१६ पूर्वेला आलेलीच होती, आणि के व ओ दोन्ही प्रकारच्या बोटी एकाच समुद्रात लढत होत्या. इथून पुढे दोघींना ओळखायचं ते त्यांच्या कामगिरीवरून.

ओ-१६ चे कप्तान होते आंतोन बुसेमाकर. ती ब्रिटिशांच्या सिंगापूर तळाच्या हुकमतीखाली होती. थायलंडच्या पट्टाणी किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरत होतं. १२ डिसेंबरच्या रात्री बुसेमाकर यांनी बोट त्या उथळ उपसागरात घातली आणि नांगरलेल्या चार वाहतूक जहाजांना टॉर्पेडो मारले. हे धाडस नीट समजून घ्यायला हवं. पाणबुडीचा जीव खोल पाण्यात असतो. उथळ पाण्यात विनाशिका, म्हणजे पाणबुड्यांवर हल्ला करणारी वेगवान युद्धनौका, अंगावर आली तर बुडी मारायला जागाच नसते. त्याच उथळपणामुळे ती जहाजं तळाला टेकली आणि पुढे जपान्यांनी ती वर काढली. पण उतरणाऱ्या फौजेला जेव्हा रसद हवी होती तेव्हा ती पाण्यात बसलेली होती, आणि माझ्या लेखी या हल्ल्याचं मोल त्यात आहे.

परतीच्या वाटेवर, १५ डिसेंबरच्या पहाटे, मलायाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या तिओमान बेटाच्या परिसरात ओ-१६ पाणसुरुंगावर आदळली. युद्धाला तोंड फुटण्याच्या जरा आधी जपान्यांनी तिथे सुरुंग पेरून ठेवले होते. ४२ जणांपैकी एकच वाचला. तो दिवसभराहून अधिक काळ पोहत एका बेटाला लागला. ती बोट कशी गेली हे जगाला कळलं ते या एका माणसामुळे.

के-१६ ची लढाई बोर्निओच्या बाजूची. कप्तान एल. जे. यारमन. सारावाकमधल्या कुचिंगवर जपानी ताफा उतरला होता. आदल्या दिवशी तिच्याच गटातल्या के-१४ ने तिथे वाहतूक जहाजं बुडवली होती. २४ डिसेंबरला के-१६ ने सागिरी या विनाशिकेला टॉर्पेडो मारला. आग लागली, दारूगोळ्याचा साठा पेटला आणि विनाशिका बुडाली. तिच्यावरचे १२१ जण मेले. सैन्य वाहणारी जहाजं बुडवणं वेगळं आणि पाणबुड्यांची शिकार करू शकणारी विनाशिका बुडवणं वेगळं. जपानी युद्धनौका बुडवणारी दोस्तांची पहिली पाणबुडी हा मान के-१६ ला दिला जातो.

दुसऱ्याच दिवशी, नाताळात, जपानी पाणबुडी आय-६६ ने तिला गाठलं. ३६ पैकी कुणीच वाचलं नाही. त्यांत डच होते तसे इंडोनेशियनही होते. वसाहतीच्या बोटींवर तिथले खलाशी असायचेच, आणि डच शौर्यकथा सांगताना त्यांचा उल्लेख राहून जातो, तो राहू नये. आय-६६ पुढे आय-१६६ झाली आणि १९४४ मध्ये ब्रिटिशांच्या टेलेमॅकस पाणबुडीने मलाक्काच्या सामुद्रधुनीत तिला बुडवलं.

म्हणजे ओ-१६ सुरुंगाने गेली, के-१६ शत्रूच्या पाणबुडीने. यात तिसरं नाव मिसळतं ते के-१७ चं. ती २१ डिसेंबरला, ओ-१६ चा घात करणाऱ्या त्याच सुरुंगक्षेत्रात गेली, आणि तीही सगळ्यांसकट गेली. त्यामुळे ‘के बोट, कुणी वाचलं नाही’ एवढ्यावरून के-१६ ठरवायला जाऊ नका. आधी जागा पाहा: मलायाच्या पूर्व किनाऱ्याजवळ असेल तर ती के-१७, कुचिंगजवळ असेल तर के-१६.

ओ-१७ आणि ओ-१८ शोधण्यात वेळ घालवू नका, त्या कधी नव्हत्याच. १९३७ च्या सुमारास डचांनी दोन मालिकांचा भेद बंद केला. तेव्हा के-१९ आणि के-२० म्हणून बांधायला घेतलेल्या बोटी ओ-१९ आणि ओ-२० झाल्या. वसाहतीसाठीच्या, पण अक्षर ओ. पाण्याखालून डिझेल इंजिनाला हवा पुरवणारी नळी, म्हणजे स्नॉर्कल, घेऊनच नौदलात आलेल्या या पहिल्या पाणबुड्या. मे १९४० मध्ये जर्मनांच्या हाती लागलेल्या नंतरच्या ओ बोटींवरही ती होती, आणि युद्धाच्या अखेरच्या काळात जर्मन यू-बोटींवर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवर, ती सर्रास दिसू लागली.

अवशेषांच्या बातम्या वाचतानाही हाच घोळ होतो. के-१७ चे अवशेष १९८२ मध्ये सापडले, ओ-१६ चे १९९५ मध्ये, के-१६ चे थेट २०११ मध्ये. २०१९ मध्ये भंगारासाठी बेकायदा उपसून नेल्याचं उघड झालं ते ओ-१६ आणि के-१७ यांचे अवशेष, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याजवळचे. मृतांचं दफनस्थान असलेली पोलादाची बोट किलोवर विकली गेली, याची चीड यायलाच हवी. पण त्या बातमीतली ‘सोळा’ म्हणजे बुसेमाकर यांची बोट. यारमन यांची बोट तिथून फार दूर, बोर्निओच्या बाजूला आहे.