संडे स्कूलच्या आधीचे घर

लहान मुलांना ख्रिस्ती सद्गुण शिकवायचे म्हटले की पालक आधी एखादे पुस्तक किंवा जवळचे संडे स्कूल शोधतात. पण संडे स्कूल फार उशिरा आले. त्याआधी कितीतरी शतके हे काम मुख्यतः घराचेच होते आणि त्याची मुळे ख्रिस्ताच्याही आधीची आहेत. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात इस्राएलाला आज्ञा आहे: ही वचने मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोल. त्यासाठी वेगळा तास सांगितलेला नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौलही त्याच्या विश्वासाचा माग आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत नेतो.

काय शिकवायचे, तेही पौलाच्या पत्रांतच आहे: विश्वास, आशा, प्रीती, शिवाय ममता, सहनशीलता, सौम्यता अशी आत्म्याची फळे. ग्रीक विचारातले विवेक, न्याय, धैर्य आणि संयम पुढे त्यांना जोडले गेले.

कसे शिकवायचे, याचे मला सर्वांत जिवंत वाटणारे उत्तर 4थ्या शतकातला ग्रीक धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम याचे आहे. मुलांच्या संगोपनावरच्या लेखनात तो बापाला सांगतो: संध्याकाळी मूल अभ्यासातून मोकळे झाले की त्याला काईन आणि हाबेलाची गोष्ट सांग. दोन भाऊ होते, एक शेती करायचा, दुसरा मेंढरे राखायचा. आईने शेजारी बसून कौतुकाने ऐकावे. पुढे एखाद्या संध्याकाळी मुलालाच म्हणावे, 'ती दोन भावांची गोष्ट सांग बघू.' गोष्ट मुरली की मग त्याला उपासनेला न्यावे. तिथे तीच गोष्ट वाचली गेली की ओळख पटून ते हरखून जाईल. घरातल्या दासाच्या हातून मुलाची लेखणी मोडली, तर मुलाला रागावू देऊ नये, असेही तो सांगतो. क्षमा शिकवायला मोडक्या लेखणीइतका नेमका धडा कुठे मिळणार?

मध्ययुगात प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा ठरावीक जाहीरनामा, शिकवण्याची जबाबदारी आईबापांबरोबर बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणाऱ्या धर्मपिता-धर्ममातांवरही होती. प्रत्यक्षात ती किती पाळली जाई, हा प्रश्नच होता. जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या चर्चच्या मंडळ्यांची पाहणी केल्यावर तिथले अज्ञान पाहून धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर हादरला आणि 1529 मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तिचे पहिले भाग भिंतीवर लावायचे तक्ते म्हणून छापले गेले होते. घरच्या कर्त्याने घरच्यांना ती सोप्या रीतीने शिकवावी, असे त्यात म्हटले आहे. त्यात दहा आज्ञांपैकी प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? 'खोटी साक्ष देऊ नको' या आज्ञेचे उत्तर खोटे न बोलण्यावर थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू सांभाळावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावावा, इथपर्यंत ते जाते. मनाईतून सद्गुण काढण्याची ही हातोटी मला फार मोलाची वाटते. 17व्या शतकात शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने तर आयुष्याच्या पहिल्या सहा वर्षांना आईच्या मांडीवरची शाळाच मानले.

इंग्लंडमधल्या एपवर्थला सुझाना वेस्ली रोज संध्याकाळी एकेका मुलाशी एकांतात बोलत असे; पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या तिच्या मुलाची, जॉनची, पाळी गुरुवारची. मुलांची इच्छा लहानपणीच नमवावी हे तिचे मत मला पटत नाही, त्यात भयाचा अंश आहे. पण तिचा एक नियम विलक्षण होता: चूक प्रामाणिकपणे कबूल करून सुधारण्याचे वचन देणाऱ्या मुलाला मार मिळणार नाही. मारापायीच मुले खोटे बोलायला शिकतात, हे तिने ओळखले होते.

1780 मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. तिची गरज खरीच होती. चळवळ पसरली तसे शिकवण्याचे काम मात्र हळूहळू घराबाहेर सरकत गेले. 1847 मध्ये अमेरिकेत धर्मोपदेशक होरेस बुशनेलने ते पुन्हा घराकडे वळवू पाहिले: मुलाने ख्रिस्ती म्हणूनच वाढावे, आपण कधी वेगळे होतो असे त्याला वाटूच नये. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा, म्हणजे घरातले चर्च, म्हटले आणि शब्दाने व उदाहरणाने विश्वासाची पहिली घोषणा करण्याचे काम आईवडिलांना दिले. आपल्या घराचे चर्च करा, असे क्रिसोस्तोमही आपल्या श्रोत्यांना सांगत असे.